पायाळू नात

आरती बाळंतपण उरकून घोडेगावच्या माहेराहून पिंपळवंडीला सासरी आली, तेव्हा आरोही तीन महिन्यांची होती. पोर पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. सासूला, साळुबाईला, त्याचं कोण कौतुक! पायाळूचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, असं गाव मानायचं. माणसं येऊन ओट्यावर पालथी पडायची आणि साळुबाई नातीचे पाय त्यांच्या पाठीवर टेकवायची.

एकदा लंगोट बदलताना साळुबाईचा हात थांबला. पोरीचा उजवा पाय सहज बाजूला पडत होता, डावा मात्र अडत होता.

"तुझ्या आईनं पाडलं तर न्हाई ना पोरीला?"

"नाही हो आत्याबाई!"

"मग पाय असा कशानं?"

आरतीनं नजर चुकवून पोरीला उचलून घेतलं. त्या नजर चुकवण्यावरूनच साळुबाईची खात्री पटली. आरतीच्या मनात वेगळंच होतं: एवढ्या पाठींवर पाय टेकवल्यावर दुसरं काय होणार? पण सासूला हे तोंडावर कसं सांगायचं?

दोघी एकमेकींवर डोळा ठेवून राहू लागल्या. साळुबाई पोरीला आंघोळ घालताना आरती शेजारून हलायची नाही. शेजारचे कुशाबा पाठ धरून आले, तर तिनं परस्पर सांगितलं, "झोपलीय ती." आत आरोही खिदळत होती. कुशाबा गेल्यावर साळुबाई मुलाला म्हणाली, "सोपान, ही काय तरी लपवतीय. माहेरनं शिकवून धाडलीय."

या कुरबुरीला कंटाळून सोपान सगळ्यांना जुन्नरला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी आरोहीचे गुडघे दुमडून मांड्या हळूच बाजूला केल्या. डावी अर्ध्यातच अडली. दोन्ही गुडघे जुळवले, तर डावा खाली राहिला.

"पायाळू होती का?"

"व्हय," साळुबाई मोठ्या अभिमानानं म्हणाली. "पण हिच्या माहेरी पडली असंल, बगा."

"पडून असं होत नाही."

"आणि पाठीला पाय लावून?" आरतीच्या तोंडून निसटलंच.

साळुबाईनं चमकून सुनेकडे पाहिलं.

"त्यानंही नाही," बाई म्हणाल्या. "पोटात उलटी असलेल्या मुलांची, त्यातून मुलींची, खुब्याची वाटी कधी कधी उथळ राहते. हाड नीट बसत नाही. दोष कुणाचा नाही. फक्त पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नका."

"मग पायाळू म्हनल्यावर दवाखान्यातच बगाया नको व्हतं?"

"हवं होतं. पण अजून उशीर झालेला नाही. चालायला लागल्यावर आला असतात, तर बहुधा ऑपरेशनच करावं लागलं असतं."

एक्स-रे काढला. पुण्याहून पट्टे आले. पाय बेडकासारखे फाकवून आरोही रात्रंदिवस त्या पट्ट्यांत राहिली. साळुबाईचा त्यांवर काडीचा विश्वास नव्हता. सून पट्टे आवळते की काय, म्हणून ती बोट घालून बघायची. सुनेशी सरळ बोलत मात्र नव्हती. पाठीला पाय लावून घ्यायला कुणी आलं, तर आता तीच त्याला माघारी धाडायची.

काही महिन्यांनी नवा एक्स-रे निघाला. हाड वाटीत बसलं होतं.

"फोटू हिचाच हाय ना?" साळुबाईनं दोनदा विचारलं. बाई हसल्या. पट्टे सुटले.

बाहेर आल्यावर साळुबाई फोनच्या बूथपाशी थांबली. "तुझ्या आईला फोन लाव," ती आरतीला म्हणाली. "मला बोलायचंय."

आरतीनं नंबर फिरवून रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि आरोहीला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली. सासू काय बोलते, ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.