बाबांचे ठिपके

इंजिन गॅरेजमध्ये उलटं टांगून चार महिने झाले होते आणि त्यावरून घरात दोन पक्ष पडले होते. एका पक्षात लेक, दुसऱ्यात बाप. तिसरं माणूसच घरात नव्हतं, त्यामुळे बहुमत कुणालाच मिळत नव्हतं.

लेकीला सगळी गल्ली टेलरबाई म्हणायची. पंचेचाळिशीची, तोंडानं फटकळ आणि हातानं चोख. बाप तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. गोल दिव्यांची ती जुनी गाडी त्यानं तरुणपणी मोडक्या अवस्थेत घेतली, स्वतः उभी केली आणि वीस वर्षं पळवली. मग इंजिन आतून ठोकायला लागलं. बापानं ते उतरवलं, सुटं केलं आणि क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो वेडावाकडा जाड दांडा, लेथवाल्याकडून घासून आणला. तो ज्यांत फिरतो त्या नव्या मापाच्या बेअरिंगच्या वाट्या शोधण्यात मात्र सहा वर्षं गेली. त्या गेल्या वर्षी एकदाच्या मिळाल्या तेव्हा बाप आठवडाभर दार लावून गॅरेजमध्ये बसला. बाहेर आला तो चेहरा पाडूनच.

"भंगारात देऊन टाकू," तो म्हणाला. "माझा हात गेला."

का, कसा, काही नाही. त्या दिवसापासून त्यानं सगळंच सोडलं. एके काळी लेकीचं शिवणयंत्र नुसत्या आवाजावरून दुरुस्त करणारा हा माणूस, आता स्वयंपाकघरातला नळ आठ महिने टपटपत होता आणि हा खुर्चीत बसून सांगत होता, "प्लंबरला बोलव." लेकीनं मुद्दामच बोलावला नाही. तो नळ तिच्या डोक्यात जायचा, पण नळापेक्षा जास्त डोक्यात जायचं ते खुर्चीत बसलेलं माणूस. शेवटी तिनं कपाटातून इंजिनाचं पुस्तक काढलं, कपड्यांच्या ऑर्डरी अर्ध्यावर आणल्या आणि गॅरेजची किल्ली कमरेला खोचली.

बापानं तिचं भाग धुणं-पुसणं आणि पुस्तक पाठ करणं चार महिने सहन केलं आणि मग सोमवारी फर्मान काढलं.

"रविवारी दहाला भंगारवाला येतोय. तोवर तो दांडा हातानं फिरवून दाखव. फिरला, तर गाडी राहिली. नाही फिरला, तर पुन्हा माझ्यापुढे तिचं नाव काढायचं नाही. आणि मला एक अक्षर विचारायचं नाही."

"शब्द?"

"शब्द."

काम ऐकायला सोपं होतं. दांडा ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी धडात, पाच ठिकाणी टेकतो. प्रत्येक ठिकाणी वरून एक लोखंडी कॅप बसते आणि दोन बोल्टनी आवळली जाते. ज्या जागेची कॅप त्याच जागी बसायला हवी, कारण त्या जागेवरच ती कारखान्यात कापलेली असते. टोकाच्या दोन्ही कॅपा आकारानंच वेगळ्या, त्या चुकणं शक्य नव्हतं. मधल्या तिन्ही मात्र जुळ्या बहिणींसारख्या. पण त्यांच्यावर बापानं सुट्या करतानाच पंचनं ठिपके मारून ठेवले होते, एक, दोन, तीन. टेलरबाईच्या लेखी बापाचा ठिपका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुस्तकात छापलं होतं की मोजायचं ते रेडिएटरच्या, म्हणजे गाडीच्या तोंडाच्या, बाजूनं. त्याप्रमाणे तिनं तेल लावलं, कॅपा ठेवल्या आणि बोल्ट आवळले.

दांडा जागचा हलेना.

तिनं सगळं उलगडलं. वाट्यांच्या पाठी पुसल्या, कापडाचा एक धागा जरी अडकला असेल तर म्हणून दिव्यासमोर धरून पाहिल्या. पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. मग एकेक कॅप आवळून पाहिली. टोकाच्या दोन्ही आणि दोन ठिपक्यांची मधली आवळली तरी दांडा सुरळीत फिरायचा. एका ठिपक्याची आवळली की जड व्हायचा आणि तीन ठिपक्यांची आवळली की ठप्प. शुक्रवारी ती दांडा चादरीत गुंडाळून रिक्षानं लेथवाल्याकडे घेऊन गेली.

त्यानं तो यंत्रावर चढवला, फिरवला आणि मापाच्या काट्याकडे बोट दाखवलं. "ताई, सुईसारखा सरळ आहे. चूक बसवण्यात आहे."

"बसवण्यात काही चूक नाही."

"मग दांड्यात पण नाही," लेथवाला म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला.

ती परत आली तेव्हा तिच्या बोटांची सालं निघाली होती. तिला रडू येत होतं, पण रडायलाही फुरसत नव्हती. तिनं शुक्रवारी दोनदा आणि शनिवारी सकाळी एकदा, असा तो दांडा आणखी तीनदा बसवून पाहिला. जेवताना बाप तिच्या हातांकडे बघायचा आणि पानात मान घालायचा. एकदाच तो म्हणाला, "राहू दे गं आता." ते तिला भांडणापेक्षा जास्त लागलं.

शनिवारी दुपारी वारा सुटला आणि तिच्या टेबलावरचे कागदी नमुने खोलीभर उडाले. खोलीला ओळीनं तीन खिडक्या. बाप पलीकडच्या टोकाला खुर्चीत.

"अगं, पहिली लाव आधी!" तो ओरडला.

तिनं दाराजवळची लावली.

"ती नव्हे! पहिली!"

"हीच तर पहिली."

"ती तिसरी. पहिली ही, माझ्याजवळची. तीस वर्षं बसमध्ये बाकं कुठून मोजली मी? ड्रायव्हरपासून!"

"आता घरात पण तुमची बस?" असं म्हणत ती त्याच्याजवळच्या खिडकीपाशी गेली आणि कडीला हात लावून तशीच उभी राहिली. शिवणकामात ती शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायची. डावी बाही म्हणजे घालणाऱ्याची डावी, तुमची नव्हे. खूण दिसली की ती कुणाच्या बाजूनं केलीय ते आधी बघा. मुलींना इतकी वर्षं सांगितलं आणि स्वतः आठवडाभर पुस्तकाच्या बाजूनं बघत बसली!

"काय झालं? लाव की," बाप म्हणाला.

"लावते," ती म्हणाली. खिडकी लावली आणि जिन्यावरून अक्षरशः धावत सुटली.

गाडीत ड्रायव्हरच्या जवळचं असतं ते इंजिनाचं मागचं टोक. रेडिएटर सगळ्यात लांब. तिनं एका ठिपक्याची कॅप मागे नेली, तीनची पुढे आणली. बोल्ट तीन टप्प्यांत आवळले, अजिबात घाई न करता, पुस्तकात सांगितलेल्या जोराइतकेच. मग दांड्याला दोन बोटं लावली. तो फिरला. तेलातून मऊ, मुकाट फिरला. टेलरबाई खाली फरशीवर बसली आणि आठवडाभर साठवलेलं सगळं रडून घेतलं.

रविवारी बाप पावणेदहाला खाली उतरला. इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाला तरी भेटून सांत्वन करायला निघाल्यासारखा. मागोमाग भंगारवाला काटा घेऊन हजर.

"फिरवा," लेक म्हणाली.

"तू फिरवून दाखवायचं ठरलं होतं."

"मी फिरवलाय. आता तुम्ही."

बापानं दांड्याला दोन्ही हात घातले आणि अंगाचा सगळा भार टाकून रेटला. दांडा असा गर्रकन फिरला की म्हाताऱ्याचा तोल गेला आणि भंगारवाल्यानं त्याला दंडाला धरून सावरलं. बाप वाकला. कॅपांवरून त्यानं अंगठा फिरवला, एकेक ठिपका चाचपला.

"उलट्या लावल्यास," तो म्हणाला.

"पुस्तकाच्या हिशेबानं उलट्या. तुम्ही ठिपके मारले ते ड्रायव्हरपासून मोजून."

बाप स्टुलावर बसला.

"मी पण पुस्तक बघूनच लावल्या होत्या," तो म्हणाला. "तीनदा. मधे सहा वर्षं गेली, ठिपके कुठून मारले ते डोक्यातूनच गेलं. तीनदा अडला, तेव्हा वाटलं, संपलं. हाताला आता काही कळत नाही. मग घरातल्या कशालाच हात लावायची भीती वाटायला लागली." त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. "वर्ष गेलं गं माझं."

"हाताला काही झालं नव्हतं, बाबा."

"नव्हतं," तो म्हणाला. मग स्वतःशीच पुन्हा, "नव्हतं झालं."

भंगारवाला काटा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. "काका, मग उचलायचं काय?"

"काही नाही. इथं भंगार नाही," बाप उठत म्हणाला. त्यानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला मोठा पाना काढला आणि तो दोन्ही हातांत तोलून पाहिला. लेकीला वाटलं आता पिस्टनला हात घालणार. पण तो जिन्याकडे निघाला.

"पिस्टन उद्या बसवू," पहिल्या पायरीवरून तो म्हणाला. "चल वर. त्या नळानं डोकं उठवलंय माझं आठ महिने."