जवळचं माहेर

करुणा विणताना टाके मोजत असली की तिच्याशी बोलायचं नाही, असा उस्मानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांचा नियम होता, आणि म्हणूनच सगळे नेमके तेव्हाच बोलायचे. मोजताना ती कशालाही ‘हं’ म्हणते, हे घरादाराला कळून चुकलं होतं. मुलानं, सम्यकनं, बॅट अशीच मिळवली. मुलीनं, मैत्रीनं, सहलीची परवानगी अशीच काढली. नवरा राजकुमार, त्यानं तर एका रविवारी अख्खं ऑफिस जेवायला बोलावून ठेवलं होतं.

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या त्या दिवशी नणंदेचा, रत्नमालाचा, अकोल्याहून फोन आला. करुणा एका बाळाच्या स्वेटरचे बगलेचे टाके कमी करत होती. सासूनं, केसरबाईंनी, मोबाईल तिच्या कानाला आणून लावला.

“वहिनी, पोरांना सुट्ट्या लागल्या. पंधरा दिवस येते म्हणते. चालंल ना?”

“हं,” करुणा म्हणाली आणि सदतीस, अडतीस करत पुढं गेली.

ओळ संपली तेव्हा केसरबाई डाळ-तांदळाचे डबे उघडून बघत होत्या, आणि काय होऊन बसलं ते करुणाला कळलं. रत्नमालानं काही कावा केला नव्हता, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिला काय माहीत, की याच सुट्टीतले आठ दिवस करुणानं बिडकीनसाठी राखून ठेवले होते.

बिडकीनला तिचे वडील, कडुबा, एकटेच होते. आई जाऊन दोन वर्षं झाली. आता पंधरा दिवसांनी भाऊ त्यांना नाशिकला नेणार होता आणि घर विकायचं ठरलं होतं. त्यानंतर माहेर म्हणून जायला जागाच उरणार नव्हती. एकदा, शेवटचं, आठ दिवस आबांजवळ राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

बिडकीन काही परदेश नव्हे. पैठण रोडला काळीपिवळी जीपमध्ये बसलं की तासाच्या आत दारात. दुखणं होतं ते हेच. लांबच्या माहेराला मान असतो, त्याची आधी तिकिटं काढतात, डबे बांधतात, सोडायला फाट्यापर्यंत येतात. जवळच्या माहेराला सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या भाकरीला परत यायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण दोन बाळंतपणं सोडली तर ती तिथं सलग चार रात्री राहिली नव्हती. तिला कुणी अडवलं होतं असंही नाही. “इथंच तर हाय, कवाही जा,” असं सगळेच म्हणायचे, आणि ते कवाही काही येत नव्हतं.

“आता काय करायचं?” तिनं रात्री जेवताना राजकुमारला विचारलं.

“तूच हो म्हणालीस की,” तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला. स्वतःच्याच तोंडून निघालेल्या शब्दाशी भांडता येत नाही. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

रत्नमाला तीन पोरांसकट आली. घरातली दोन धरून पाच झाली. कूलरसमोरच्या जागेवरून सकाळी सुरू झालेली भांडणं झोपेपर्यंत चालायची. नळाला पाणी आठवड्यानं यायचं आणि टाकी चौथ्याच दिवशी तळाला गेली. करुणा कपडे धुतलेलं पाणी संडासला, भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना, असं पुरवत होती. त्यातच शुक्रवारपर्यंत तो स्वेटर गिऱ्हाइकाला द्यायचा होता. बाळं काही ऋतू बघून जन्माला येत नाहीत, आणि आज्यांना तर भर उन्हाळ्यातही बाळाच्या अंगावर लोकर हवीच असते. मे महिन्यात विणायला बसणं म्हणजे चुलीपुढं गोधडी पांघरून बसणं. हाताला घाम सुटायचा, लोकर बोटांना चिकटायची, म्हणून ती जवळ पावडरचा डबा ठेवायची. तोही पोरांनी खेळायला पळवला.

दुपारी रत्नमाला मधल्या खोलीत झोपायची. साधीसुधी नाही, तोंड उघडं टाकून, घोरत, चहाची वेळ होईपर्यंत. केसरबाई पोरांना दटावायच्या, “गप बसा, माय झोपली तुमची. वरीसभर कष्ट करून आली ती.” करुणा उंबऱ्याशी सुया घेऊन बसायची आणि त्या झोपेकडं बघायची. तिला नणंदेचा राग यायचा. मग त्या रागाचीच लाज वाटायची, कारण बिचारी खरंच थकून आली होती. पण मग करुणा कुठं जाऊन थकल्यासारखी दिसणार होती?

एका रात्री पातेलं घासता घासता तिनं मागं न बघताच सांगून टाकलं, “मी उद्या बिडकीनला जाते.”

“उद्या कशाला?” राजकुमार म्हणाला. “रविवारी सगळेच जाऊ. पोरांना बी फिरणं होईल.”

“सगळे नको,” ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला.

रत्नमालाच मधे पडली. “जाऊ दे दादा तिला. वहिनी, तू जा. उद्याच्याला मी बघते सारं.”

“जा,” केसरबाई म्हणाल्या. “संध्याकाळच्या भाकरीला ये म्हंजे झालं.”

आठ दिवसांचा असा एक दिवस झाला. तोही पुरा नाही, पण तिनं तो घेतला.

कडुबा अंगणात लिंबाखाली बसले होते. तिला बघून उठले, दारातच पाण्याचा तांब्या दिला, आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

“लई वाळलीस.”

“ऊन हाय आबा.”

घर तिनं डोळे भरून बघायचं ठरवलं होतं. आईची भांडी, फळी, जिथं बसून आईनं तिला पहिले सुलट-उलट टाके घालायला शिकवलं तो ओटा. आबांना खूप काही विचारायचं होतं. नाशिकला जायला मन होतं का त्यांचं? भाऊ नीट बोलत होता ना? पण आधी तिनं घर झाडून काढलं, कारण ते झाडायला झालं होतं. मग भाजी टाकायला उठली तर आबांनी हातातली विळी काढून घेतली.

“मला येतं करायला. दोन वरसं झाली, कोण करतंय मग? तू बस.”

ती भिंतीला टेकून बसली आणि पिशवीतून स्वेटर काढला. आता फक्त गळा राहिला होता. ओळ अर्धी सोडून कधी उठायचं नाही, हा तिचा नेम. घर शांत होतं. कुणी हाक मारत नव्हतं, कुणाला काही हवं नव्हतं. चुलीवर आबांचं काहीतरी रटरटत होतं. अर्ध्या ओळीवरच तिची मान कलली.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. डोक्याखाली उशी होती, पायांवर पंखा फिरत होता. आधी तिला भाकरी आठवली, मग पोरं, आणि मग दिवस संपल्याचं कळलं. एकच दिवस मिळाला होता आणि तो तिनं झोपून घालवला. आबांशी चार शब्द बोलली नव्हती, त्यांच्या हातचं खाल्लंही नव्हतं. तिचे डोळे भरून आले. उठायला हात टेकला, तोच अंगणातून बोलणं ऐकू आलं. एक आवाज राजकुमारचा होता. गाडी घेऊन तो न्यायला आला होता.

“मामा, उठवता का तिला? घंटाभर झाला मला येऊन.”

“बसा, जावईबापू. झोपलीय ती.”

“घरी भाकरीचं खोळंबलंय.”

“तुमच्या बहीणबाई हायत ना? उपाशी नाय ऱ्हात कुणी.” आबा हळू बोलत होते, आत ऐकू जाऊ नये म्हणून. “करुणाच्या मायचं माहेर अजिंठ्याला. मी न्यायला गेलो का सासरा मला अंगणात बाज टाकून द्यायचा. म्हणायचा, लेक झोपलीय. माहेरी दुसरं काय करती लेक? एकदा तर माझी शेवटची गाडी गेली.”

“मग?”

“मग काय, मुक्काम केला. सकाळी बी झोपलीच हुती.”

राजकुमार हसला. बाज करकरली, चपला काढल्याचा आवाज आला. मग तो फोनवर बोलताना ऐकू आला, “रत्ना, आज भाकरी तूच टाक. आम्हाला उशीर व्हईल. नाय गं, भांडण कशाला. झोपलीय ती.”

करुणाच्या डोळ्यांत आता झोप उरली नव्हती. हाक मारायला हवी होती, चहा टाकायला हवा होता, जावई घंटाभर बाहेर ताटकळला होता. पुढच्या मे महिन्यात या अंगणात दुसऱ्याच कुणाची तरी बाज असणार होती. आज मात्र तिचा बाप उंबऱ्याबाहेर बसून तिची झोप राखत होता. तिनं टेकलेला हात काढून घेतला, डोळे मिटले, आणि झोपल्यासारखी पडून राहिली.