गुंडाळलेलं झाड

एल्विराच्या जिभेला हाड नव्हतं. हे गावाला ठाऊक होतं आणि तिलाही. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात मुलगा लीनास आला होता, तेव्हा त्याने बसवलेलं फाटक तिने त्याच्या डोळ्यांदेखत उतरवून पुन्हा बसवलं. वर म्हणाली, "बिजागऱ्या उलट्या लावल्यास. बापाला लाज वाटली असती." लीनास गाडी काढून शहरात, विल्नियसला निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. फोनसुद्धा नाताळ आणि वाढदिवस, एवढाच.

यंदा डिसेंबरच्या शेवटी ती विहिरीजवळ बर्फावर घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशननंतर लीनासचा फोन आला, "शनिवारी येतो. अंगणाचं काय ते मी बघतो." तेव्हाच तिने दवाखान्याच्या खाटेवर पडल्यापडल्या मनाशी ठरवलं, की काहीही होवो, या खेपेला तोंड उघडायचं नाही.

अंगणात गुडघाभर बर्फ साचला होता. सफरचंदाची सात जुनी झाडं होती, त्यांची तिला काळजी नव्हती. काळजी होती विहिरीजवळच्या आठव्या झाडाची. नवरा स्तेपोनास गेला त्या वर्षीच्या वसंतात त्याने ते स्वतःच्या हाताने कलम केलं होतं. सहा वर्षांचं झाड, खोड जेमतेम मनगटाएवढं. दर हिवाळ्यात, बर्फ पडला रे पडला की एल्विरा नवऱ्याचे दाबलेल्या लोकरीचे, नमद्याचे बूट चढवून त्या खोडाभोवती गोल गोल फिरायची आणि बर्फ पायाने दाबून घट्ट करायची. भुसभुशीत बर्फाखालून उंदीर बिळं काढत येतात आणि कोवळी साल खातात. घट्ट बर्फातून त्यांना येता येत नाही. त्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही, कारण सगळ्यांना वाटतं, यात शिकवायचं काय! लीनास लहानपणी हिवाळाभर पुस्तकात डोकं खुपसून शेगडीपाशी बसलेला असायचा. त्याला कुठून कळणार?

जानेवारीत ती घरी आली, त्या शनिवारी तो आला. मन लावून रस्ता साफ केला, मग झाडापाशी गेला. एल्विरा खिडकीतल्या खुर्चीत बसून बघत होती. त्याने आधी खोडाजवळचा बर्फ पार जमिनीपर्यंत उकरून काढला. मग कोठारातून गव्हाचं काड आणलं, कवळाभर खोडाभोवती भरलं, त्यावर गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीने छान आवळून बांधलं. उंदरांना यापेक्षा ऊबदार खोली हॉटेलातसुद्धा मिळाली नसती.

आत आला तेव्हा त्याचं नाक लालबुंद झालं होतं. "कसं झालंय, आई? बाबांचं झाड आहे, गारठून मरायला नको."

शब्द तिच्या दातांपर्यंत आले होते. तिने ते गिळले.

"छान," ती म्हणाली. "अगदी छान बांधलंस."

लीनास तिच्याकडे बघतच राहिला. मग बसला आणि भट्टीत भाजलेला बटाट्याचा कुगेलिस त्याने तीनदा घेतला, वर आंबट साय ओतून. जाताना तिच्या कपाळाला ओठ टेकवले. एवढं त्याने बापाच्या अंत्यविधीच्या दिवशीही केलं नव्हतं. तो गेल्यावर एल्विरा एकटीच खूप वेळ हसत बसली.

सोमवारी शेजारचा झेनोनास काठी टेकत कुंपणापाशी आला.

"काय शेजारीणबाई, उंदरांसाठी घर बांधलंत वाटतं?"

"लीनासनं बांधलंय."

"ते दिसतंच आहे. सुतळी ओढली की सुटेल. मी सोडतो, बर्फ दाबतो, दोन मिनिटांचं काम. त्याला कळणारसुद्धा नाही."

"हात लावाल तर याद राखा!"

"अहो, झाड जाईल ते!"

"जाऊ दे. माझं झाड आहे."

झेनोनास कपाळाला हात लावून निघून गेला. त्याला काय माहीत, की आदल्या दिवशीच लीनासचा फोन आला होता, तोही चेहरा दिसणारा, आणि पुढे तो दर रविवारी येऊ लागला. "आई, माझं झाड दाखव," म्हणायचा. ती फोन खिडकीकडे वळवायची. पांढऱ्या अंगणात गोणपाट दिसलं की तो खूश व्हायचा. मग तिच्या खुब्याबद्दल विचारायचा, ऑफिसातल्या गमती सांगायचा, एकदा तर कुगेलिस कसा करतात तेही त्याने विचारून घेतलं. असे अकरा रविवार झाले. प्रत्येक रविवारी फोन ठेवल्यावर तिच्या डोळ्यांपुढे साल कुरतडणारे उंदीर यायचे. तरी तिने गोणपाट सोडू दिलं नाही.

ईस्टरला लीनास आला. रंगवलेली अंडी खाऊन झाली आणि तो उत्साहाने म्हणाला, "चला, आता त्याला मोकळं करू." झेनोनासही आला. एल्विरा कुबड्यांवर उभी राहिली.

काडातून दोन उंदीर सुळकन पळाले. खोड खालून हातभर उंचीपर्यंत सोललेलं होतं, चहूबाजूंनी, पांढरंफटक.

"हे काय झालं?" लीनास म्हणाला. "काका, काही करता येईल ना?"

"साल चौफेर गेली, पोरा. हिवाळ्यात दुसऱ्या झाडाच्या काड्या काढून ठेवल्या असत्या तर त्या सोललेल्या जागेच्या वर-खाली सालीत खोचून कलमांचा पूल बांधून बघितला असता. आता कोंब सुटलेत, कसला बांधतोस? मी तर तुझ्या आईला जानेवारीतच म्हटलं होतं, की सोडतो म्हणून."

लीनास सावकाश उभा राहिला.

"तुला माहीत होतं?"

एल्विराने मान डोलावली.

"खिडकीत बसून बघत होतीस ना? मी झाड मारत होतो आणि तू म्हणालीस, छान?"

"तू फोन करत होतास रे," ती म्हणाली. "तुला बोलले असते तर केला असतास का?"

"फाटकाच्या वेळी निदान तोंडावर बोलली होतीस! आता काय, वेड्याला समजवावं तसं? छान रे बाळा, छान! यापुढे जे असेल ते तोंडावर सांग, नाहीतर माझ्याशी बोलूच नकोस."

जेवणाला न थांबता तो गेला. पुढचे चार रविवार फोन वाजला नाही.

मे महिन्यात ते झाड फुललं. असं फुललं, की फांदी दिसेना. झेनोनास म्हणाला, "मरणारं झाड असंच फुलतं, बाई. मुळं उपाशी आहेत. ऑगस्टपर्यंत पानं झडतील." एल्विराला तेही माहीत होतं. तरी तिला राहवलं नाही. तिने फोटो काढून लीनासला पाठवला, खाली काहीही न लिहिता.

मिनिटभरात फोन वाजला.

"आई! वाचलं की गं!" तो हसत होता. "मला रात्ररात्र झोप लागत नव्हती. बाबांचं झाड मी मारलं, एवढंच डोक्यात. ऐक, जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाला येतो. चांगली आठवडाभराची रजा काढून."

आठवडाभर! जूनमध्ये झाड हिरवंच दिसलं असतं, त्याला काही कळलंही नसतं. पण तोंडावर सांग म्हणाला होता. या खेपेला ती चुकणार नव्हती.

"लीनास, वाचलं नाही ते," ती म्हणाली. "हे शेवटचं फुलणं आहे. ऑगस्टपर्यंत पानं झडतील आणि मरेल. तुला खरं ते सांगते आहे, तोंडावर."

पलीकडचं हसू विरलं.

"एवढं कळून तू मला फोटो पाठवलास?" तो म्हणाला. "आणि आता, मी हसतोय तर, एक दिवससुद्धा गप्प बसवलं नाही ना तुला?"

त्याने फोन ठेवला. जूनमध्ये तो आला नाही.