बुधवारची कवळी

धाकट्या मालकांनी लॅबमधल्या सातही जणांना एकेक कोरं कार्ड दिलं आणि सांगितलं, "आपण कशासाठी जगतोय, ते एका वाक्यात लिहायचं. सोमवारपर्यंत. आणि आपापल्या टेबलासमोर चिकटवायचं." ते नुकतेच कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. तिथे त्यांना म्हणे आयुष्याची दिशा सापडली होती. सापडली तर माणसाने गुपचूप त्या दिशेने चालू लागावं. पण ज्याला दिशा सापडते, त्याला ती चार जणांना दाखवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

लॅब कवळ्या बनवायची. शहरभरचे दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवायचे. इथे त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढायचे, जबड्यावर मेण, मेणात दात, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक आणि शेवटी पॉलिश. सोबत चिठ्ठी असायची: स्त्री की पुरुष, वय, काय हवं, कधी हवं. नाव कधीच नसायचं. काका इथले सगळ्यात जुने कारागीर, नोकरीला चौतीस वर्षं. हजारो लोक काकांच्या दातांनी जेवत होते आणि त्यातला एकही जण काकांना रस्त्यात ओळखत नव्हता. काकांना त्याचं काही वाटायचंही नाही. चिठ्ठीवरचा वार आला की कवळी डबीत जायची, संपलं.

बाकीच्यांनी कार्डं भराभर भरली. मेणाचं काम करणाऱ्या बाईंनी लिहिलं, 'लेकीला डॉक्टर करणं.' पॉलिशवाल्याने लिहिलं, 'स्वतःचं घर.' काकांचं कार्ड कोरंच राहिलं.

"मालक, माझ्याकडे वाक्य नाही."

"असतं काका. प्रत्येकाकडे असतं. आत खोल बघा."

"आत खोल काय असतं ते मी रोजच बघतो," काका म्हणाले. "हिरड्या असतात."

सगळे हसले, काकाही हसले. पण घरी गेल्यावर ते कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत जेवले. छप्पन्न वर्षं झाली होती आणि तुला काय हवंय, असं कुणी विचारलंच नव्हतं. घरात ध्येय वगैरे जे काही होतं, ते दादाच्या वाट्याला गेलं होतं. दादा पाच वर्षांनी मोठा. त्याला बाराव्या वर्षीच ठाऊक होतं की आपण पूल बांधणार. आणि त्याने बांधलेही, दूर दूर जाऊन, एकामागून एक. काकांना बाविसाव्या वर्षी या लॅबमध्ये चिकटवलं, कारण ती घरापासून दहा मिनिटांवर होती आणि आईची तब्येत तोळामासा झाली होती. पुढे आई अंथरुणाला खिळली. अकरा वर्षं. तिचं न्हाणंधुणं, औषधं, भरवणं यात काकांचं लग्नाचं वय कधी उलटून गेलं, ते त्यांनाही कळलं नाही. दादाकडे पूल होते, काकांकडे आई होती.

आई गेली तेव्हा दादा दुसऱ्या दिवशी पोहोचला. बॅग हातातच होती. म्हणाला, "पुलाचा शेवटचा गाळा होता रे. काम अर्धं टाकून येता येईना."

काका दारातून बाजूला झाले नाहीत. "दोन दिवस ती दाराकडे डोळे लावून होती," ते म्हणाले. "आता बैल गेल्यावर झोपा करायला आलास? जा परत. तुझा पूल वाट बघत असेल."

दादा परत गेला. त्याला एकोणीस वर्षं झाली. दोघांच्या मध्ये एक शब्द गेला नाही की आला नाही. दादा निवृत्त होऊन याच शहरात आलाय, असं कुणाकडून तरी काकांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

शुक्रवारी मापांचा नेहमीचा ट्रे आला. काकांनी एका मापात प्लास्टर ओतलं, वाळल्यावर जबडा सोडवला, ब्रशने कड साफ केली आणि त्यांचा हात थांबला. टाळूच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा होता, शेंगदाण्याएवढा, डावीकडे कललेला. असे उंचवटे पुष्कळांना असतात. पण डावीकडे असा कललेला काकांनी दोनच तोंडांत पाहिला होता. एक आईच्या, कारण तिची कवळी त्यांनीच केली होती, दुसरा स्वतःच्या. त्यांनी नकळत जीभ टाळूला लावली. तोच आकार.

मग त्यांनी जबडा उजेडात धरला. पुढे उजवीकडे हिरडीत खाच होती. ती खाच कशी पडली, तेही त्यांना ठाऊक होतं. ते सात वर्षांचे असताना खेळता खेळता त्यांनी दादाला जिन्यावरून ढकललं होतं. पुढचा दात मुळासकट, हाडाच्या कपच्यासकट गेला. दादाने तोंडातलं रक्त थुंकलं आणि घरात सांगितलं, "माझाच पाय घसरला." काकांचा मार वाचला.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: पुरुष, ६१. वरची कवळी. मेणावरची चाचणी नको, थेट तयार. रुग्ण आजारी, घरी जाऊन बसवायची. बुधवार. 'बुधवार'खाली दोन रेघा होत्या.

काकांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तो जबडा मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जाऊ दिला नाही. त्या दिवसापासून त्यांच्यात फरक पडला. शनिवारी ते कुलूप उघडायच्या आधीच दाराशी उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सकाळी उठताना माहीत होतं की आज काय करायचं आणि ते का करायचं. कवळी करायची, डॉक्टरांबरोबर आपणच घेऊन जायची, आणि एक शब्द न बोलता दादाच्या तळहातावर ठेवायची. दादा काय ते समजेल.

समजावं म्हणून काकांनी एक गोष्ट ठरवली. दादाचा तो गेलेला दात जरा तिरका होता, शेजारच्यावर किंचित चढलेला. लॅबमध्ये येणारे तयार दात सगळे सरळसोट. काकांनी त्यातला एक हाताने घासून घासून तसा केला. पहिला बिघडला, दुसरा बरा झाला, तिसरा हुबेहूब झाला. तोवर सोमवार उजाडला होता. मंगळवारी हिरडीचा रंग मनासारखा येईना. त्याच दुपारी त्यांनी कार्ड ओढलं आणि एका दमात लिहिलं: 'एक तरी काम असं करायचं, ज्यात खोट नसेल.' धाकटे मालक ते वाचून हरखले. त्यांनी त्याची मोठी प्रत काढून दाराजवळच्या भिंतीवर लावली.

बुधवारी डॉक्टरांचा फोन आला. "काका, आज बुधवार."

"एक दिवस द्या."

"चौतीस वर्षांत तुम्ही कधी दिवस मागितला नाहीत."

"म्हणूनच मागतोय. आणि बसवायला जाताना मलाही न्या."

"चला की. पण बघा हं, माणूस फार थकलाय. कवळी कधी येणार म्हणून दोनदा विचारून झालं त्यांचं."

गुरुवारी काकांनी कवळी साच्यातून काढली. देखणी झाली होती. फक्त मागे, शेवटच्या दाढेच्याही मागे, प्लास्टिकमध्ये एक बुडबुडा राहिला होता, टाचणीच्या डोक्याएवढा. जिभेलाही लागला नसता.

"काका, हे कुणाला दिसणार आहे?" मेणाच्या बाई म्हणाल्या.

"मला."

त्यांनी तिरका दात अलगद काढून घेतला, कवळी मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

इथे काकांचं चुकलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सरळ सांगितलेलं बरं. भावाला भेटायला कवळी लागत नाही. चिठ्ठी हातात होती, डॉक्टरांकडे पत्ता होता. माणूस त्याच शुक्रवारी हात हलवत गेला असता तरी चाललं असतं. पण काकांना एकोणीस वर्षांची भरपाई एका कवळीत करायची होती, आणि ती जितकी सुंदर होत गेली तितके ते तिच्यात गुंतत गेले. ज्या हातांनी चौतीस वर्षं परक्यांना वेळेवर दात दिले, ते हात सख्ख्या भावाच्या वेळी अडकले.

शनिवारी दुपारी कवळी झाली. उजेडात, काचेखाली, बोट फिरवून, कशीही बघितली तरी तिच्यात खोट नव्हती. काकांनी डॉक्टरांना फोन लावला.

"आता घाई नाही, काका," डॉक्टर म्हणाले.

काकांना कळलं नाही. "नाही कशी? झालीये. आत्ता निघू."

"काल सकाळी गेले ते."

काकांनी पत्ता विचारला. नियमात बसत नव्हतं, पण डॉक्टरांनी दिला. काकांचा आवाजच तसा होता.

चौथ्या मजल्यावरचं घर. दार उघडंच होतं. खोलीत औषधांचा वास, खिडकीखाली गादी काढलेला पलंग, शेजारी स्टुलावर फोन आणि दाढीचं सामान. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. काकांनी त्यांना उभ्या जन्मात तीन-चारदा पाहिलं असेल. त्यांनी मात्र लगेच ओळखलं.

"या भाऊजी. चेहरा अगदी यांचाच आहे."

काकांनी डबी पुढे केली. दुसरं काय करायचं, ते त्यांना सुचलं नाही. वहिनींनी ती घेतली, उघडली नाही.

"म्हणजे तुम्हीच केलीत," त्या म्हणाल्या. "यांना खात्री होती. डॉक्टरांना यांनीच सांगितलं होतं, कवळी त्याच लॅबमधून हवी म्हणून."

"दादाला माहीत होतं मी तिथे आहे?"

वहिनींनी स्टुलामागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे पेन्सिलीने लॅबचा नंबर लिहिला होता. आकडे थरथरलेले होते.

"जेवायला त्रास होत असेल त्याला, दात नाहीत म्हणून," काका म्हणाले.

"जेवण कुठलं? महिनाभर नळीच होती." वहिनींचा आवाज शांत होता. "दात बोलायला हवे होते त्यांना. तुमच्याशी. मी म्हणायचे, तसाच करा फोन, भाऊ आहे तो, समजून घेईल. तर म्हणायचे, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलायचं आणि ते असं फसफस करत? त्याला शब्द न् शब्द कळला पाहिजे. बुधवारी दाढी करून घेतली. गुरुवारी पुन्हा करून घेतली. दारावर कुणी आलं की मान वळवायचे."

काका पलंगाकडे बघत राहिले. "काम नीट व्हायला हवं होतं वहिनी," ते म्हणाले. "अर्धं टाकून..."

हे वाक्य त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी दारात उभं राहून ऐकलं होतं, आणि त्याला उत्तर काय दिलं होतं तेही त्यांना आठवत होतं. वहिनी तसं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी विचारलं, "काय सांगायचं होतं त्याला?"

"मी विचारलं होतं. म्हणाले, दात येऊ देत, त्यालाच सांगेन."

वहिनींनी मग डबी उघडली, कवळी हातात घेऊन निरखली. "हा एक दात तिरका का?"

"त्याचा तसाच होता. लहानपणी."

"मी नाही कधी पाहिला. लग्नात तिथे फटच होती." त्यांनी कवळी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी काकांच्या हातात परत दिली. "तुमच्याकडेच राहू द्या भाऊजी. मला हा दात ओळखीचा नाही."

सोमवारी काका वेळेवर कामाला आले. दाराजवळची ती मोठी प्रत त्यांनी काढली, घडी घालून टोपलीत टाकली. टेबलासमोरचं कार्डही उतरवलं. धाकटे मालक धावत आले. "काका, अहो, सगळ्यात छान वाक्य होतं ते. काय झालं?"

"चुकलं होतं."

"मग दुसरं सुचलं का?"

काकांनी ट्रेमधली पहिली चिठ्ठी उचलली. स्त्री, ७४. वरची आणि खालची. त्यांनी कार्ड उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर 'गुरुवार' एवढंच लिहिलं आणि समोर चिकटवलं.

"हे काय ध्येय झालं, काका?"

"कुणीतरी वाट बघतंय," काका म्हणाले आणि त्यांनी प्लास्टर कालवायला घेतलं.

त्या आठवड्यात काकांनी अकरा कवळ्या केल्या. एकीत मागच्या बाजूला बारीकसा बुडबुडा राहिला होता. सगळ्या वेळेवर गेल्या.