लेगिसामोनला दिसत नाही

पुएर्तो आल्मेंद्रो गावात संध्याकाळी पाचनंतर एनिल्साच्या पार्लरमध्ये केस कापायला कुणी शहाणा माणूस जात नसे. पाच ते सहा टीव्हीवर 'काळं तळं' लागायचं, आणि त्या तासात एनिल्साचा हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर असला तरी डोळे भिंतीवर असायचे. एकदा त्या नादात तिनं नोटरीच्या कारकुनाची अर्धी मिशी उडवली होती, आणि माफी मागायचं सोडून 'तू हललास' म्हणून त्यालाच झापलं होतं.

मालिका खुनाची होती. मार्सेला नावाची जमीनदाराची सून तळ्यात मेलेली सापडली, आणि तपास इन्स्पेक्टर लेगिसामोनकडे आला. याला चौऱ्याऐंशी भाग झाले होते. पार्लरमध्ये जमणाऱ्या प्रत्येकाला खुनी कोण ते ठाऊक होतं, एका लेगिसामोनला सोडून.

त्या दिवशी लेगिसामोन मार्सेलाच्या खोलीत शिरला. टेबलावर एक पेला होता, त्याच्या काठावर लिपस्टिकचा डाग. मार्सेला लिपस्टिक लावत नसे, हे विसाव्या भागापासून अख्ख्या गावाला पाठ होतं. लेगिसामोननं पेला उचलला, सुरईतलं पाणी त्यात ओतलं आणि घटाघटा पिऊन टाकलं. वर बाहीनं पेल्याचा काठही पुसला.

"पिऊन टाकला!" एनिल्सानं कपाळावर हात मारला. "मेल्यानं पुरावा पिऊन टाकला!"

"तो मुद्दाम करतोय," नुरिस म्हणाली. ती शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. मालिकेसाठी तिनं वेगळी वही घातली होती. "तो सासऱ्याला सामील आहे. मी एकतिसाव्या भागातच लिहून ठेवलंय."

"सामील व्हायला अक्कल लागते, बाई. याच्या डोक्यात भुसा आहे."

"उगाच त्याच्या नावानं खडे फोडू नका," कोपऱ्यातून आवाज आला.

पंख्याखालची ती खुर्ची हवालदार एलिएसेरची. सत्तरीचा, पोलिसातून निवृत्त झालेला, गरज असो-नसो दर आठवड्याला दाढी करून घेणारा माणूस. लेगिसामोनची बाजू घेणारा गावात तो एकटाच होता. "तुम्हाला पेला दिसला, कारण कॅमेऱ्यानं तो तुमच्या नाकासमोर धरला. वर मागून संगीत वाजवलं. त्या बिचाऱ्याला कोण संगीत वाजवून दाखवतंय?"

"आणि राखणदाराचे बूट?" एनिल्सा त्याच्याकडे वळली. "रात्रभर पाऊस, आणि राखणदाराचे बूट खडखडीत कोरडे. त्यालाही संगीत लागतं का?"

"जाग्यावर गेलं की शंभर गोष्टी असतात, एनिल्सा. ऊन असतं. घरची माणसं आक्रोश करत असतात. साहेब सारखा घड्याळ बघत असतो. त्यातली खूण कोणती नि कचरा कोणता, हे त्या वेळी कळत नाही."

"नाही कळत तर खाली वाकावं! हात लावावा, वास घ्यावा! देवानं डोळे आणि नाक काय फोटोसाठी दिलंय?"

हवालदारानं हातातल्या कोऱ्या कॉफीच्या कपात पाहिलं. "कधीकधी वास घेतलेला असतो," तो म्हणाला.

नुरिस हसली. "घ्या! हे आता लेगिसामोनच्या नाकाचंही प्रमाणपत्र देणार!"

पण हवालदार हसला नाही. त्यानं कप खिडकीत ठेवला, टोपी उचलली आणि मालिका अर्धी टाकून निघून गेला. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. एनिल्सा वैतागली. भांडायला समोर माणूस नसला की मालिकेत मजा येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पार्लरचं दार उघडत होती तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. डोळे लाल. रात्रभर झोपला नसावा.

"दाढी?" तिनं विचारलं.

"नाही. तोबियासचं बोलायचंय."

एनिल्साच्या हातातली किल्ली कुलपातच राहिली. तोबियास तिचा धाकटा भाऊ. एकवीस वर्षांपूर्वी एका पहाटे माग्दालेना नदीवर जाळं टाकायला गेला आणि परत आला तो चौघांच्या खांद्यावर. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं : दारूच्या नशेत तोल जाऊन होडीतून पडला. एनिल्सा ठाण्यात जाऊन घसा फोडून सांगत होती, की मुलीच्या बाप्तिस्म्यापासून तोबियासनं थेंब घेतलेला नाही. साहेबानं होडीत सापडलेली बाटली वर करून दाखवली आणि विषय संपवला. त्या कागदावर दुसरी सही एलिएसेरची होती, हे तिला माहीत होतं. पण तो नुसता हवालदार. साहेबानं बोट ठेवलं तिथं सही केली असणार, असं तिनं तेव्हाच मनाशी धरलं होतं आणि त्याला सोडून दिलं होतं.

"होडी डाव्या बाजूनं फुटली होती," हवालदार जमिनीकडे बघत म्हणाला. "बाहेरून आत. फुटल्या फळीला निळा रंग लागला होता, माझ्या तळहाताएवढा. त्या महिन्यात नदीवर निळ्या रंगाची एकच मालबोट होती. ती त्याच पहाटे इथून खाली गेली. तोबियास पडला नाही, एनिल्सा. त्याला उडवला."

एनिल्सानं किल्ली कुलपातून ओढून काढली.

"आणि बाटलीत दारू नव्हती. रॉकेल होतं, कंदिलाचं. मी बूच काढून वास घेतला होता."

"घेतला होता?"

"हो."

"नाकानं?"

"हो, एनिल्सा."

"आणि लिहिलं नाही."

"साहेब म्हणाले, मालबोटीवाल्यांशी कोण भांडत बसणार, बाटली आहे ना, लिही नशेत. मी लिहिलं."

एनिल्साला वाटलं, आपण आता किंचाळणार. पण तोंडून निघालं ते अगदी साधं. "उठा. माझ्या पायरीवरून उठा."

दोन दिवस पार्लरमध्ये टीव्ही लागला नाही. पहिल्या दिवशी नुरिस वही घेऊन आली आणि काळा पडदा बघून तिथंच तणतणली. "आज सासऱ्याची उलटतपासणी आहे! तुला काय झालंय?" एनिल्सा एका बाईच्या केसांना रंग लावत होती आणि मनात एकच गोष्ट घोळवत होती. चौऱ्याऐंशी भाग ती एका नाटकातल्या पोलिसाला शिव्या घालत बसली होती, आणि खरा पोलीस चार हातांवर पंख्याखाली बसून तिची कॉफी पीत होता. रागवायचं कुणावर? त्याच्यावर, की स्वतःच्या डोळ्यांवर? एकवीस वर्षं हा माणूस गरज नसताना दाढीला का येतो, हे तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हात चालतोय ना अजून? मग चला. तेव्हा नाही लिहिलंत, ते आता लिहा."

तो घातल्या कपड्यांनिशी निघाला.

ठाण्यात टेबलामागे एक तरुण शिपाई मक्याचा उकडलेला उंडा खात बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बोटं चाटली आणि विचारलं, "घटना कधीची?"

"एकवीस वर्षांपूर्वीची," एनिल्सा म्हणाली.

"मग तातडीचं नाही. गुरुवारी या."

गुरुवारी जुनी कागदपत्रं ठेवलेल्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता. सोमवारी किल्ली मिळाली, पण त्या वर्षाचं बाड सापडेना. "हरवलं असेल," शिपाई म्हणाला. एनिल्सा त्याला बाजूला सारून आत घुसली आणि दहा मिनिटांत खिडकीच्या फटीत वारा अडवायला कोंबलेलं बाड ओढून बाहेर घेऊन आली. वर्ष त्याच्या पाठीवर वीतभर आकड्यांत लिहिलं होतं.

"हे तुला दिसलं नाही?"

"खिडकीत कोण बघणार, बाई?"

तिनं हवालदाराकडे पाहिलं. तो खालमानेनं म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस. आता मी त्याची बाजू घेत नाहीये."

मग जबाब सुरू झाला. शिपायानं तोबियासच्या जागी तोमास लिहिलं. ते खोडून पुन्हा लिहिताना निळी होडी आणि विनारंगाची मालबोट लिहिली. एनिल्सा टेबलावर हात आपटून ओरडली, "उलट! उलट रे! रंग मालबोटीचा!" तिसऱ्या कागदावर त्यानं रॉकेलचा उल्लेखच गाळला. विचारलं तर म्हणाला, "ते काय महत्त्वाचं आहे?" तेव्हा मात्र हवालदारानं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, खुर्ची ओढली आणि सुवाच्य अक्षरात सगळं स्वतः लिहून काढलं. फुटलेली फळी, तिची बाजू, रंगाचा डाग, बाटली, बूच, वास. शेवटी लिहिलं : हे सर्व मी त्या दिवशी स्वतः पाहिले होते आणि नोंदवले नाही. खाली पूर्ण नावानिशी सही केली.

ठाण्यातल्या अधिकाऱ्यानं कागद वाचला आणि स्पष्टच सांगितलं, यातून पुढं काही निघणार नाही. मालबोटीवाले केव्हाच धंदा बंद करून गेले. त्या बोटीवर कोण होतं, ते शोधायला आज कागदही नाही आणि माणूसही नाही. फार तर जबाब जुन्या पंचनाम्याला जोडून ठेवता येईल, आणि शिक्का मारलेली एक प्रत देता येईल.

"द्या," एनिल्सा म्हणाली. शिक्का नीट उमटलाय की नाही, ते तिनं उजेडात धरून दोनदा पाहिलं.

त्याच दुपारी ती कागद घेऊन आईकडे गेली. हवालदाराला तिनं सोबत यायला सांगितलं नव्हतं. तरी तो मागून आला आणि दाराबाहेर उभा राहिला. आई कुस्तोदिया सत्त्याऐंशी वर्षांची होती, आणि कान अजून तिखट. अंगणात बसून ती तांदूळ निवडत होती. एनिल्सानं वाचायला घेतलं तसा म्हातारीचा हात सुपावर थांबला तो थांबलाच. वाचून झाल्यावर तिनं दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याला आत बोलव."

हवालदार टोपी काढून समोर उभा राहिला.

"माझ्या पोराला खांदा द्यायला तू होतास," म्हातारी म्हणाली. "तेव्हा का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

"साहेबांची."

"तो साहेब आता कुठंय?"

"वारले, मावशी."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली."

"मग ही नऊ वर्षं तुला कुणाची भीती होती?"

हवालदार हातातली टोपी नुसती फिरवत राहिला. एनिल्साला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा संताप आला. काहीतरी बोल की माणसा, असं तिला त्याला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं. पण आईनं उत्तराची वाटच पाहिली नाही. तिनं सूप बाजूला सारलं, गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि आत जाऊन बाहेर जायच्या चपला घालून आली. डोक्याला फडकं बांधलं. कागद एनिल्साच्या हातातून घेतला.

"आई, कुठं निघालीस? ऊन बघ केवढं आहे."

"समोरच्या फेर्मिनाकडे. ती माझ्या नातीला तोंडावर दारुड्याची पोर म्हणाली होती. तिथून घाटावरच्या होडीवाल्यांकडे, मग पाद्रीबाबांकडे." ती हवालदाराकडे वळली. "तूही चल. एनिल्सा वाचून दाखवील. तू फक्त खरंय म्हणायचं. प्रत्येक दारात."

"हो, मावशी."

फेर्मिनानं दार उघडलं तेव्हा तिच्या हातात जेवणाचं ताट होतं. एनिल्सानं उंबऱ्याबाहेर उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचलं. रॉकेलची ओळ आईनं तिला पुन्हा वाचायला लावली.

"खरंय," हवालदार म्हणाला. "मी वास घेतला होता."

फेर्मिना ताट धरून तशीच उभी राहिली. "मला काय माहीत, कुस्तोदिया," ती पुटपुटली. "पोलिसांनीच लिहिलं होतं."

"म्हणूनच पोलिसाला घेऊन आलेय," म्हातारी म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.

घाटाच्या उतारावर तिचा पाय अडखळायला लागला, तेव्हा हवालदारानं न विचारता तिचा दंड धरला. तिनं तो झटकला, दोन पावलं एकटी चालली, आणि मग उतार फारच आहे असं बघून हात पुन्हा पुढं केला.