इंचभर पुढे

भाऊजींनी कपाटाच्या कडेवरून हात फिरवला, शेजारच्या भिंतीवरून फिरवला, पुन्हा कपाटावर आणला आणि हसले.

"वहिनी, इंचभर बाहेर आलंय."

ती स्टुलावरून खाली उतरली. दोन स्क्रू टाचण्यांसारखे ओठांत धरलेले. तिनेही हात फिरवून पाहिला. खांब आणि भिंत यांच्या मधल्या जागेत कपाट रुंदीला अगदी चपखल बसलं होतं. पुढे मात्र डोकावत होतं.

*बाजूच्या फळ्या*

चूक इथे झाली. जन्मभर कोट-सदरे शिवलेला हात. फळीवर शिवणाच्या खडूने रेघ मारली आणि सवयीने तिच्या पलीकडे, शिवणीसाठी एक इंच सोडून, दुसरी. करवत दुसरीवर चालली.

"फळी काय पुढे उसवून वाढवणार आहात?" सुतारकामात केस पिकलेल्या दिराला आयतं कोलीत मिळालं. "तरी सांगत होतो, सुई वेगळी, करवत वेगळी. सरका, तासाभरात भिंतीच्या बरोबरीत आणून देतो."

"हात लावायचा नाही."

"अहो, लोक हसतील."

"लोकांचं माझ्या कपाटात काय काम?"

*डावा खण*

चादरी खाली, स्वेटर वर, रोजचे कपडे हाताच्या उंचीला. गावभराचे कपडे शिवले, स्वतःचे मात्र आजवर खुर्चीच्या पाठीवर. भाऊजींनी दार उघडलं, लावलं. कुरकुर नाही. पुन्हा उघडलं, लावलं.

"बिजागऱ्या कुणी बसवल्या?"

"तुमचे दादा उतरले होते स्वर्गातून."

"दादाला खिळा ठोकता येत नव्हता."

"म्हणून तर मी शिकले."

*उजवा खण*

रिकामा.

"इथे काय ठेवणार?" भाऊजींनी विचारलं.

तिने पुसलेलीच फळी पुन्हा पुसायला घेतली.

*दांडी*

त्या रिकाम्या खणात एकच हँगर होता. लाकडी, रुंद.

लेक अग्निशमन दलात लागली त्या दिवशी आई म्हणाली होती, "असले कपडे माझ्या घरात नकोत." लेकीने ते अक्षरशः पाळलं. गणवेश तिकडे केंद्रावर, घरी यायचं साध्या कपड्यांत. समारंभाचा कोटसुद्धा तिकडच्या लॉकरमध्ये, दुमडून. मग तिला शौर्याचं पदक मिळालं, पेपरात फोटो आला. शेजारीपाजारी पदक बघत होते. आईला दिसली ती कोटावर छातीपाशी मोडलेली घडी.

दुसऱ्याच दिवशी तिने फळ्या आणल्या.

*दार*

संध्याकाळी लेक कामावरून आली. आईने उजवं दार उघडलं आणि बाजूला झाली.

लेकीने हँगरकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. बूट काढले होते ते परत घातले आणि चहासुद्धा न घेता निघून गेली.

"काय झालं हिला?" भाऊजी म्हणाले.

"मला काय विचारता?" आईने दार लावलं. उघडलं. हँगर सरळच होता, तरी सरळ केला. भाऊजींना दुसऱ्यांदा चहा केला, त्यात साखर घालायची राहिली. भाऊजी मुकाट्याने प्यायले.

लेक परतली तेव्हा तिच्या हातावर कोट होता. गडद निळा, ताठ, पितळी बटणांचा, खांदे हे एवढे. तिने तो हँगरवर चढवला. भाऊजींनी जीव मुठीत धरून दार लोटलं.

लागलं. बाहीला शिवलंसुद्धा नाही.

त्यांनी दार पुन्हा उघडलं आणि बाहीपासून कडेपर्यंत बोट धरून पाहिलं. "इंच," ते म्हणाले. "तेवढाच इंच." आणि आपली करवत पिशवीत घातली.

"आई, हे तू मुद्दाम केलंस?"

आईने चष्मा चढवला होता, कोट खाली उतरवून उलटा केला होता आणि आतली शिवण बोटांनी चाचपत होती.

"कुणी शिवलाय हा? आत जादा कापडच सोडलेलं नाही. उद्या खांद्यावर आणखी पट्ट्या चढतील, अंगाने भरशील. मग वाढवायचा कुठून?"

लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"टेप आण माझी," आई म्हणाली. "आणि इकडे वळ. सरळ उभी राहा. तशी नाही. फोटोत उभी होतीस, तशी."