तेत्सुची गाजरं

तो माणूस आजही रस्त्यात भेटला तर मी त्याला थांबवून विचारीन, बाबा रे, तू आयुष्यात एकदा तरी बैलाला हाताने काही भरवलं आहेस का? त्याची चूक नाही, हे मला कळतं. डोक्याला पांढरा टॉवेल बांधून, मागे बर्फाचा डोंगर घेऊन हसायचं, एवढंच त्याला सांगितलेलं असणार. पण तो हसतोय ते मला अजून सहन होत नाही.

ही गोष्ट २०१४ सालची. आम्ही तेव्हा टोकियोत, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहायचो. मी, नवरा निहार आणि मुलगी पूर्वी. मी एका आयटी कंपनीत होते आणि आमचा क्लायंट होता वाग्यूचं, म्हणजे जपानी जातीच्या काळ्या गुरांचं मांस विकणारी एक व्यापारी कंपनी. जपानात प्रत्येक जनावराच्या कानात दहा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला असतो आणि तो नंबर पार दुकानातल्या पाकिटापर्यंत जातो. सरकारी साइटवर तो घातला की जनावर कुठे जन्मलं, कुठल्या प्रांतात वाढलं ते कळतं. पण सरकारी साइटवर जातंय कोण? आमच्या क्लायंटला त्या नंबराला चेहरा द्यायचा होता. गिऱ्हाइकाने पाकिटावरचा कोड मोबाइलने टिपला की शेतकऱ्याचा फोटो आणि त्याची गोष्ट समोर यावी. 'चेहरा दिसणारा शेतकरी' हे शब्द पहिल्याच मीटिंगमध्ये मी सात वेळा ऐकले.

मी शाकाहारी घरातली. सासूबाईंना 'फूड प्रोजेक्ट' एवढंच सांगितलं होतं.

माहिती कशी भरायची ते ठरवण्यासाठी एक खरा गोठा बघायला हवा होता, म्हणून क्लायंटच्या मार्केटिंग विभागाचे ओकाझाकी-सान मला फुकुशिमाला घेऊन गेले. कोरियामापर्यंत शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पुढे दोन डब्यांची गाडी आणि मग टॅक्सी. डोंगरातलं गाव. २०११च्या भूकंपात झालेल्या अणुभट्टीच्या अपघातानंतर जी गावं रिकामी केली, त्यांच्या हद्दीच्या जरा अलीकडचं. कान्नो फुमिए-सान फाटकापाशी रबरी बूट घालून उभ्या होत्या. त्रेसष्ट वर्षांच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. नवरा भूकंपाच्या दोन वर्षं आधी गेलेला. चाळीस जनावरांचा गोठा त्या एकट्या सांभाळत होत्या.

"तुम्ही खात नाही म्हणे?" त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला.

"नाही. आमच्या घरात चालत नाही."

"मीही माझे खात नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर कोणी वाढलं तर खाते."

ओकाझाकी-साननी हसत विचारलं, "यांना बिअर पाजता का? संगीत ऐकवता? गिऱ्हाइकांना ते फार आवडतं."

"बिअर मी पिते," फुमिए-सान म्हणाल्या. "आणि गोठ्यात रेडिओ असतो, तो हवामानासाठी."

ओकाझाकी-सान फोन घ्यायला बाहेर गेले. फुमिए-साननी एका बैलाला खरारा करता करता मला तेत्सुची हकिगत सांगितली. मी विचारलंही नव्हतं. मला वाटतं, त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी काही विचारलंच नव्हतं.

२०११च्या जुलैत काही गोठ्यांमधल्या पेंढ्यात किरणोत्सारी सीझियम सापडलं. शेतात उघड्यावर राहिलेला पेंढा होता तो. झालं, सगळ्या प्रांतातल्या गुरांची विक्री बंद. फुमिए-सानचा पेंढा आदल्या शरदातच छपराखाली आला होता. तो तपासला तेव्हा स्वच्छ निघाला. पण बंदी सगळ्यांनाच. तेत्सु नावाचा त्यांचा एक बैल जुलैअखेरीस बाजारात जायचा होता. मांसात चरबीची बारीक जाळी उतरावी म्हणून या बैलांचा हिरवा चारा तोडतात, अ जीवनसत्त्व मुद्दाम कमी ठेवतात. वेळेवर विकला गेला तर काही बिघडत नाही. तेत्सु अडकला. महिन्याभराने बंदी उठली, पण आता प्रत्येक जनावराचं मांस तपासायचं, म्हणून रांग लागली. ऑक्टोबर आला. तेत्सुचे गुडघे सुजले, उठताना तो कण्हायला लागला. मग एक दिवस तो सरळ चालत जाऊन खांबावर आदळला.

"डोळ्यांवर दुधासारखं काही आलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याला गवत हवं होतं. गवत तर समोर होतं, माझ्याच कुरणात, कमरेएवढं. पण ते खायला घालायला मनाई. मी सुपरमार्केटात गेले आणि दूर उत्तरेच्या होक्काइदोची गाजरं आणली. रोज एक बादली. उभी चिरून एकेक हातात धरायचं, कारण त्याला गव्हाण दिसत नव्हती. ओठांनी चाचपून घ्यायचा."

"मग?"

"मग नोव्हेंबरात नंबर लागला. ट्रकवर चढायची फळी त्याला दिसेना. मी पुढे चालत बोलत राहिले, आणि तो माझ्या आवाजामागे चढला." त्यांनी खरारा झटकला. "मांसात काहीच सापडलं नाही. कागद आहे माझ्याकडे. शून्य."

मला तिथे उभं राहवेना. कारण त्याच वर्षी मार्चमध्ये मी पूर्वीला घेऊन पुण्याला पळाले होते, आणि दोन महिन्यांनी परत आल्यावर कित्येक दिवस काकडीचं पाकीटसुद्धा उलटून प्रांत वाचत होते. फुकुशिमा दिसलं की खाली ठेवायचे. आपण हुशारी करतोय असं तेव्हा वाटायचं. हे मी फुमिए-सानना सांगितलं नाही. परतताना त्यांनी मला घरच्या मुळ्याचं लोणचं दिलं, ते मी दोन्ही हातांनी घेतलं.

ऑफिसात आल्यावर मी ती सगळी हकिगत जपानीत लिहून काढली आणि फुमिए-सानच्या फोटोबरोबर नमुना म्हणून सिस्टीममध्ये घातली. ही माझी चूक. शब्द मीच नेऊन दिले.

चार महिन्यांनी अंतिम चाचणी होती. मी एका पाकिटाचा कोड टिपला. 'युकिसातो ग्यू', म्हणजे 'हिमगावचं बीफ', असं नव्या ब्रँडचं नाव आलं, आणि त्याखाली तो टॉवेलवाला माणूस. पस्तिशीचा, दात पांढरेशुभ्र, हातात गाजर, मागे बर्फाचा डोंगर. खाली लिहिलं होतं, 'रोज एक बादली गाजरं, उभी चिरून, एकेक हाताने भरवलेली. तो ओठांनी चाचपून घेतो. मी बोलत राहतो, आणि तो माझ्या आवाजामागे येतो.'

माझीच वाक्यं. बंदी नाही, डोळे नाहीत, सुजलेले गुडघे नाहीत, २०११ नाही. एका आंधळ्या होत चाललेल्या जनावराला वाचवायची बाईची धडपड, आणि तिचं यांनी लाडाकोडाचं चित्र करून टाकलं! मी दहा आकडी नंबर सरकारी साइटवर घातला. प्रांत: फुकुशिमा. आमच्या सिस्टीममध्ये गोठा फुमिए-सानचाच.

मी तडक ओकाझाकी-सानकडे गेले.

"हा माणूस कोण?"

"स्वप्ना-सान, खाली लिहिलंय की," ते शांतपणे म्हणाले. त्यांनी स्क्रीन बोटांनी मोठी केली. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: 'छायाचित्र केवळ प्रातिनिधिक आहे.'

"आणि शब्द? तेही प्रातिनिधिक का?"

"गिऱ्हाईक फुकुशिमा वाचलं की पाकीट खाली ठेवतं. हे तुम्हालाही माहीत असेल." माझे कान तापले. "आम्ही कान्नो-सानचं मांस विकतोय. नाव नसलं तर विकलं जातं, म्हणजे यात त्यांचंच भलं आहे."

"त्यांना विचारलंत?"

"त्यांना उगाच त्रास होऊ नये म्हणून नाही विचारलं."

काय पण काळजी! बाईचा माल चालतो, तिची हकिगत चालते, फक्त ती चालत नाही. मी चाचणीच्या अहवालात सर्वांत गंभीर दोष म्हणून लिहिलं: फोटोतली व्यक्ती आणि मजकुरातली व्यक्ती वेगळी. अर्ध्या तासात उत्तर आलं: दोष नाही, ठरल्याप्रमाणेच आहे.

आमचा मॅनेजर गुणवंत मला खालच्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेला. तो मुंबईचा, माणूस वाईट नाही. "स्वप्ना, आपण सॉफ्टवेअरवाले. बटण दाबलं की पान उघडतंय ना? मग सही कर."

"पान खोटं आहे."

"अगं, तू घरी अंडंसुद्धा आणत नाहीस. आणि बीफच्या जाहिरातीसाठी भांडतेस?"

"मी खात नाही म्हणून खोटं बोललं तर चालतं, असं कुठे लिहिलंय?" माझा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरचे दोघे खाली बघू लागले. "ती बाई माझ्यापाशी जे बोलली, ते मी यांना दिलं. मी दिलं, गुणवंत! आणि तू मला बटणं सांगतोस?"

मी सही केली नाही. ती गुणवंतनेच केली.

शनिवारी मी एकटीच फुमिए-सानकडे गेले. पानाची छापील प्रत त्यांच्यासमोर ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत, त्यांचे कान लाल झाले.

"हा कोण?"

"मॉडेल."

"गाजर असं टोकाला धरतोय. बोट जाईल त्याचं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही हे लिहून घेताना मला सांगितलं नव्हतंत."

"नाही सांगितलं. माफ करा." मी तातामीच्या चटईवर डोकं टेकलं.

त्यांनी लगेच "असू द्या" म्हटलं नाही. चहा ओतला, तो प्यायल्या, आणि मग विचारलं, "हे लोकांना कधी दाखवणार आहेत?"

पुढच्या गुरुवारी, दुपारी, योकोहामाच्या एका हॉटेलात, हॉटेलवाले आणि दुकानदारांसाठी चव बघण्याचा कार्यक्रम होता. फुमिए-सानना निमंत्रण नव्हतं. त्या आल्या. काळा सूट घालून, केस नीट बसवून. स्वागताच्या टेबलावर म्हणाल्या, "मी कान्नो. आजचं मांस माझ्या गोठ्यातलं आहे." टेबलावरच्या मुलीने वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या छातीला रिबीन लावली. तिला काय माहीत!

पन्नासेक माणसं होती. सिस्टीमवाली म्हणून मीही मागे उभी होते. तव्यावर पातळ काप चुरचुरत होते. ओकाझाकी-सान पडद्यावर पान उघडून गाजरांबद्दल बोलत होते, आवाजात लोणी. प्रश्न आहेत का, असं त्यांनी विचारताच फुमिए-साननी हात वर केला.

"गाजरं कशासाठी होती?"

ओकाझाकी-साननी त्यांना ओळखलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याखालून रंग गेला. "प्रेमापोटी..."

"त्याचे डोळे जात होते म्हणून," फुमिए-सान म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. गोठ्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा त्यांचा नेहमीचा आवाज. "त्याचं नाव तेत्सु. २०११ साली माझ्या प्रांतातली विक्री बंद झाली. कुरणातलं गवत घालायला मनाई होती. ती गाजरं मी भरवली. हा पडद्यावरचा माणूस माझ्या गोठ्यात कधी आलेलाच नाही. तुम्ही आत्ता जे खाल्लंत ते फुकुशिमाचं आहे. तपासलेलं आहे. कागद आणलेत मी, कोणाला बघायचे असतील तर."

एका बाईने तोंडाशी नेलेला काप परत बशीत ठेवला. मी ते पाहिलं आणि असा संताप आला की काय सांगू. तोच घास क्षणापूर्वी तिला गोड लागत होता! दुसऱ्या बाजूला एक म्हातारा आचारी उठला, फुमिए-सानकडे गेला आणि म्हणाला, "दाखवा कागद." चष्मा कपाळावर सारून त्याने एकेक ओळ वाचली, मग परत जाऊन आपली बशी संपवली. बाकीचे ओकाझाकी-सानकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ते पान काढलं. आठवड्याने कंपनीचे दोन लोक मिठाईचा डबा घेऊन फुमिए-सानच्या दारात गेले, बराच वेळ वाकून उभे राहिले. त्यांनी एक तोड सुचवली: नाव आणि फोटो तुमचाच घालू, फक्त प्रांत नको. फुमिए-साननी नाही म्हटलं. "मी काय हवेत राहते?" असं विचारलं म्हणे. मग कंपनीने त्यांच्याकडून थेट खरेदी बंद केली. नव्या पानावर आता माणूसच नाही. हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या काळ्या गाई आहेत. ज्या बैलांचं मांस विकतात, त्यांनी असं कुरण शेवटची दोन वर्षं तरी पाहिलेलं नसतं. खाली तीच मुंगीएवढी ओळ.

मला प्रोजेक्टवरून काढलं आणि योकोहामाला एका विमा कंपनीच्या कामावर टाकलं. गुणवंत म्हणाला, "थोडे दिवस शांत राहा." निहार म्हणाला, "तू बरोबर केलंस, पण आता पुरे." दोघांनाही वाटतं राग हा तापासारखा असतो, दोन दिवसांत उतरतो.

फुमिए-सान आता आपली जनावरं टोकियोच्या लिलावात पाठवतात, पूर्वीसारखी, फुकुशिमाच्या शिक्क्यासह. परवा मी फोन केला तेव्हा त्या गोठ्यातच होत्या. मागे रेडिओ चालू होता.

"कसा गेला बैल?"

"प्रत ए-५. सगळ्यात वरची," त्या म्हणाल्या. "आणि भाव त्या दिवशीचा शेवटून तिसरा."

"मग आता?"

"पुढच्या महिन्यात आणखी दोन आहेत. पाठवणार." मग फोन बाजूला धरून त्या कुणावर तरी ओरडल्या. एका बैलाने दावं सोडवून घेतलं होतं.